मुळं कुठं आहेत ते कॅलेंडरात बघा

ताई,
मी ४१ वर्षांची. १९ वर्षं याच शहरात राहते. लग्न इथं झालं, मुलगी इथं झाली, घर इथं घेतलं. आता दुसऱ्या शहरातून नोकरीचं बोलावणं आलंय. नवा विभाग उभा करायचाय आणि तो सगळा माझ्या हाताखाली असेल. असं काम मिळावं म्हणून मी कितीतरी वर्षं वाट पाहिली. ते शहर रेल्वेनं एका रात्रीच्या अंतरावर आहे. नवऱ्याचं काम घरूनच चालतं. तो म्हणतो, 'तू ठरव, मी कुठंही राहीन.' मुलगी १४ वर्षांची, अबोल, तिला दोनच मैत्रिणी. विचारलं की खांदे उडवते. आई ७२ वर्षांची, एकटी राहते, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. मागे तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा दिवसातून चार वेळा थेंब घालायला मीच जात होते. ती म्हणते, 'माझ्यासाठी थांबू नकोस.' धाकटी बहीण याच शहरात आहे, पण पार दुसऱ्या टोकाला. तिचं म्हणणं, 'सगळं माझ्या गळ्यात टाकून निघालीस.'
माझी मुळं इथं आहेत. आमचा गुरुवारचा गाण्याचा गट, आमच्या घराची किल्ली सांभाळणाऱ्या शेजारच्या काकू, ग्रंथालयातली खिडकीजवळची जागा. दोन वर्षांत गाण्याला जाणं जमलेलं नाही, ते वेगळं. पण कधी कधी वाटतं, इथं माझं जे व्हायचं ते होऊन गेलं. दिवस कसा जाणार हे आधीच ठाऊक असतं. मुलाखतीला गेले होते तेव्हा संध्याकाळी त्या शहरात नदीकाठच्या रस्त्यानं एकटीच चालत होते. मला कुणीही ओळखत नव्हतं. इतकं हलकं वाटलं, की मग स्वतःचीच लाज वाटली. दोन रकाने करून फायदे-तोटे लिहिले, तर दोन्ही बाजू सारख्याच भरल्या. उत्तर द्यायला तीन आठवडे आहेत. जावं की राहावं?
– तळ्यात-मळ्यात

नमस्कार,

दोन्ही रकाने सारखे भरले यात नवल नाही. 'मनासारखं काम' ही एक ओळ आणि 'शेजारच्या काकू' हीही एकच ओळ, असा हिशेब मांडला की बेरीज अशीच येणार. शिवाय माणूस असा कागद घेऊन बसला की बहुतेक वेळा रकाने सारखे होईपर्यंत लिहीत राहतो, म्हणजे ठरवणं आपोआप पुढं ढकललं जातं. तो कागद बाजूला ठेवा. त्यापेक्षा तुमचं पत्र कामाचं आहे, कारण त्यात तुम्ही नकळत बरंच सांगून गेलात.

आधी मुळांचं बोलू. तुम्ही तीन नावं घेतलीत. गाण्याचा गट, काकू आणि ग्रंथालय. आणि लगेच पुढच्या ओळीत लिहिलंत की दोन वर्षांत गाण्याला गेलेला नाहीत. 'ते वेगळं' म्हणून तुम्ही ती गोष्ट झटकून टाकलीत, पण ती अजिबात वेगळी नाही. जिथं दोन वर्षं आपलं पाऊल पडलेलं नाही त्या जागेची आठवण आपल्याकडे आहे, इतकंच म्हणता येतं. आठवण तुमच्याबरोबर रेल्वेत बसून येईल. तिला मागे ठेवावं लागत नाही.

म्हणून एक काम करा. मोबाइलमधलं कॅलेंडर, फोनची यादी आणि मेसेज उघडा आणि गेले चार आठवडे डोळ्यांखालून घाला. कुणाला प्रत्यक्ष भेटलात? काही काम नसताना कुणाशी बोलत उभ्या राहिलात? कुणी तुमच्याकडे मदत मागितली, आणि तुम्ही कुणाकडे मागितलीत? ती नावं लिहून काढा. माझा अंदाज सांगते. यादीत आई असेल, काकू असतील, ऑफिसातली एकदोन माणसं असतील आणि पत्रात जिचा तुम्ही उल्लेखसुद्धा केला नाहीत अशी एखादी व्यक्ती असेल. ग्रंथालय कदाचित नसेल. गाण्याच्या गटातलं तर कुणीच नसेल.

यावरून गट बिनमहत्त्वाचा ठरत नाही. उत्तर द्यायच्या आत तीन गुरुवार येतात, त्यातल्या येत्याच गुरुवारी जा. घरी परतताना 'हे सोडून कशी जाऊ' असं वाटलं तर ते गांभीर्यानं घ्या. पण बसल्या बसल्या घड्याळाकडेच लक्ष जात असेल, तर यापुढे तो गट न जाण्याचं कारण म्हणून पुढं करू नका.

काकूंचं मात्र तसं नाही. तुम्ही त्यांच्यावर अर्धीच ओळ लिहिलीत, पण पत्रातली सगळ्यात जड वस्तू ती किल्ली आहे असं मला वाटतं. तुम्हाला यायला उशीर होतो, मुलगी शाळेतून येते, किल्ली घरातच विसरलेली असते. मग ती काकूंचं दार वाजवते. काकू किल्ली देतात आणि देता देता पोरीचा चेहरा बघतात. तो उतरलेला असला तर संध्याकाळी तुमच्या कानावर घालतात. नव्या शहरात आकड्यांचं कुलूप बसवता येईल. दार उघडायची सोय होईल, चेहरा बघायची होणार नाही. आपली किल्ली कुणाकडे ठेवावी याला नव्या जागी बराच काळ उत्तर नसतं, आणि जाणाऱ्या माणसानं हे धरूनच निघावं.

आता नदीकाठच्या संध्याकाळीबद्दल. लाज वाटायचं काही कारण नाही. एकोणीस वर्षं सगळ्यांची मुलगी, बायको, आई, ताई म्हणून वावरल्यावर तासभर कुणीच नसणं हलकं वाटणारच. पण त्या तासाच्या भरवशावर घर हलवू नका. डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या आणि कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, की तुम्ही स्वतः आयुष्यावर किती समाधानी आहात आणि दुसऱ्या भागात राहणारा तुमच्यासारखाच माणूस किती समाधानी असेल. कॅलिफोर्नियातली माणसं जास्त सुखी असणार, असं दोन्हीकडच्यांना वाटत होतं. स्वतःबद्दलची उत्तरं मात्र दोन्हीकडे जवळपास सारखीच निघाली. लांबून बघताना डोळ्यांत भरतो तो फरक, म्हणजे तिथलं ऊन आणि मोकळी हवा. तिथं राहणाऱ्याचा दिवस मात्र काम, घरची माणसं, झोप आणि दातदुखी यांतच जातो. दुरून डोंगर साजरे हे आपल्याला ठाऊक असतंच, तरी आपण फसतो, कारण मुलाखतीला गेलेला माणूस त्या शहरात राहत नसतो. त्याचं सामान एका पिशवीत असतं आणि परतीचं तिकीट खिशात.

शक्य असेल तर या तीन आठवड्यांत चार-पाच दिवस तिथं राहून या, पण नदीकडे फिरकू नका. सकाळी गर्दीच्या वेळी ऑफिसपर्यंत जाऊन बघा. जिथं घर घ्यायचा विचार आहे त्या गल्लीत रात्री नऊला उभं राहून बघा. एक संध्याकाळ भाड्याच्या खोलीत काहीही न करता बसा. 'मला इथं कुणी ओळखत नाही' हे वाक्य त्या संध्याकाळी कसं वाटतं? मुलाखतीच्या दिवशी ते सुटकेसारखं वाटलं. मुलीला ताप आहे, नवरा मीटिंगमध्ये आहे आणि फोन कुणाला करावा कळत नाही, अशा दिवशी तेच वाक्य वेगळं वाटेल. आणि घर शोधताना एक गोष्ट धरून ठेवा. मोठ्या घराच्या मोहात ऑफिसपासून लांब जाऊ नका. अलोइस स्टुट्झर आणि ब्रूनो फ्राय या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या माहितीवरून २००८ मध्ये दाखवलं, की ज्यांचा रोजचा प्रवास लांबचा, ते आयुष्यावर कमी समाधानी असतात आणि चांगलं घर किंवा जास्त पगार यांनी ती भरपाई होत नाही. नव्या जागी तर तो वेळ तुम्हाला माणसं जोडायला लागणार आहे.

'इथं माझं जे व्हायचं ते होऊन गेलं' हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. हे शहराबद्दल आहे की नोकरीबद्दल? स्वतःला सरळ विचारा, की हेच काम, हाच हुद्दा, हीच माणसं उद्या तुमच्या सध्याच्या शहरात मिळाली तर जाण्याची ओढ किती उरेल? पत्रावरून मला वाटतं, फारशी उरणार नाही. या शहराविरुद्ध तुम्ही अख्ख्या पत्रात एक शब्द लिहिलेला नाही. दिवस कसा जाणार हे आधीच ठाऊक असतं म्हणता, तो दिवस ऑफिसातलाच असणार, कारण १४ वर्षांची मुलगी असलेल्या घरात संध्याकाळ कशी जाईल हे कुणालाच ठाऊक नसतं! तसं असेल तर 'मला बदल हवाय', 'स्वतःला शोधायचंय' अशी वस्त्रं त्यावर चढवू नका. मला हे काम हवंय, हे कारण पुरेसं आहे आणि ते उघड बोलून दाखवायला हरकत नसावी. घरच्यांनाही ते समजायला सोपं जातं. 'बदल' या कारणाशी वाद घालता येतो, कामाशी तितका घालता येत नाही.

याच्या उलट, हे काम इथं मिळालं तरी मला इथून निघायचंच आहे, असं उत्तर आलं तर माझं पुढचं बोलणं जरा सावधपणे घ्या. मग तुम्ही कशापासून तरी निघताय, आणि ते काय आहे हे तुम्ही मला लिहिलेलं नाही.

आता आई. खरी गाठ इथंच आहे.

'माझ्यासाठी थांबू नकोस' असं म्हणणारी आई खोटं बोलत नसते आणि पूर्ण खरंही बोलत नसते. तिला तुमचं भलं हवंय आणि तुम्ही जवळ हव्या आहात. या दोन्ही गोष्टींतली एक निवडायला तिला लावू नका. 'आई, मी जाऊ का?' हा प्रश्न तिच्यावर अन्याय करणारा आहे. हो म्हणाली तर रात्री एकटी पडेल, नाही म्हणाली तर मुलीच्या वाटेत आल्याचं ओझं. परवानगी मागण्याऐवजी तिच्याशी कामाचं बोला. रात्री पाय घसरून पडलीस तर पहिला फोन कुणाला? तो माणूस किती वेळात पोचतो? त्याच्याकडे किल्ली आहे का? औषधांची यादी कुठं लिहून ठेवलीय? बँकेचं, बिलांचं काय? आठवड्यातून कुठल्या दिवशी कोण येणार? वयस्कर माणसाला अशा बोलण्यानं वाईट वाटेल म्हणून आपण टाळतो. खरं तर बहुतेकांना बरं वाटतं, कारण ते स्वतः रात्री जागून हाच विचार करत असतात.

आणि दुसऱ्या डोळ्याचं काय? मोतीबिंदूचं ऑपरेशन सहसा एका वेळी एकाच डोळ्याचं करतात, आणि तुम्ही एकाच डोळ्याचं लिहिलंय. दुसरा राहिला असेल तर आत्ताच डॉक्टरांना विचारा. करायचं असेल तर तुम्ही असताना उरकून घ्या. त्यानंतर काही आठवडे थेंब चालतात हे तुम्ही अनुभवलंच आहे. ही एवढी गोष्ट केली तरी निघताना मनावरचं निम्मं ओझं उतरेल. आपण आईला सोडून चाललो, ही टोचणी एरवी धुक्यासारखी सगळीकडे पसरते. तिला थेंब, किल्ली, फोन नंबर, रविवार असं कामांत मोडलं की त्यातली किती कामं तुमच्याशिवाय होणार नाहीत ते दिसतं. काही होणारच नाहीत. ती कुठली, ते बघूनच ठरवा.

'आईला बरोबर घेऊन जाऊ' हा पर्याय तुम्ही लिहिला नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. निदान पहिलं वर्ष तरी ते करू नका, असं मी म्हणेन. तुम्हाला नव्या शहरात काम असेल, मुलीला शाळा असेल. आईला तिथं काय असेल? आज ती तिच्या शहरात एकटी फिरू शकते, कारण कुठं पायरी उंच आहे आणि कुठं बसायला जागा आहे हे तिला पाठ आहे. नव्या जागी तेवढ्याच तब्येतीची आई परावलंबी होते. 'दोन महिने तिकडे, दोन महिने इकडे' हेही ऐकायला छान वाटतं, पण त्यात बिचारीचा जीव कुठंच रमत नाही. पुढं तब्येतीनं वेळ आणली तर वेगळं. तेव्हा तिला आणण्याइतकं बस्तान तुम्ही बसवलेलं असेल.

मुलीच्या खांदे उडवण्याला होकार समजू नका. चौदाव्या वर्षी खांदे उडवण्याचा अर्थ बहुधा 'तुम्ही ठरवलेलंच आहे, मग मला कशाला विचारता' असा असतो. शिगेहिरो ओइशी आणि उलरिच शिमॅक यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या सात हजारांवर प्रौढांची माहिती तपासली. लहानपणी ज्यांची घरं वारंवार बदलली, त्यांचं मोठेपणी समाधान कमी आणि जवळची नाती विरळ असल्याचं आढळलं. मात्र हे दिसलं ते अंतर्मुख लोकांत. मोकळ्या, बोलक्या स्वभावाच्या माणसांत तसं दिसलं नाही. तुमची मुलगी अबोल आहे, म्हणून हे सांगते. घाबरवायचा हेतू नाही. त्या अभ्यासात वारंवार घर बदलण्याचा प्रश्न होता, तुमच्याकडे एकदाच बदलण्याचा आहे. पण अबोल मुलीच्या दोन मैत्रिणी म्हणजे दहा-पंधरा जणांचा घोळका असणाऱ्या मुलीच्या दोन मैत्रिणी नव्हेत. तिच्यासाठी ते सगळं जग आहे.

तेव्हा तिला 'जायचं का?' विचारू नका, जे खरोखर तिच्या हातात देता येईल ते विचारा. वर्ष संपल्यावर जायचं की आधी? दोन शाळा बघून आलो, त्यातली कुठली? सुट्टीत मैत्रिणींना आपल्याकडे बोलवायचं की तू इकडे येशील? आणि काही झालं तरी चालू वर्षाच्या मधेच तिला उचलू नका. वर्गात सगळे घोळके ठरून गेल्यावर आत शिरणं मोठ्यांनाही जमत नाही. तुम्हाला आधी रुजू व्हावं लागलं तर तुम्ही पुढं जा, ती आणि बाबा मागून येतील. काही महिने दोन घरं चालवणं महाग पडेल आणि दमवेल, तरी मी तेच निवडेन.

नवऱ्याचं 'तू ठरव, मी कुठंही राहीन' हे प्रेमानं म्हटलेलं असेल, पण त्यात सगळी जबाबदारी तुमच्या अंगावर येते. उद्या जमलं नाही तर 'तूच ठरवलं होतंस'. त्यांना निर्णयात ओढा. घर आणि शाळा शोधायचं काम त्यांच्याकडे द्या. आणखी एक गोष्ट त्यांच्याही लक्षात आलेली नसेल. नव्या शहरात तुम्हाला ऑफिस मिळेल, मुलीला वर्ग मिळेल. घरून काम करणाऱ्या माणसाला तिथं आपोआप कुणीच भेटणार नाही. कुठंही राहीन म्हणणारा माणूसच सगळ्यात आधी एकटा पडायची शक्यता मला दिसते.

माणसं जोडायला वेळ किती लागतो, याचा आपला अंदाज फार चुकतो. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नुकतंच नव्या जागी राहायला गेलेल्या प्रौढांनाच हे विचारलं होतं. नुसती ओळख साध्या मैत्रीपर्यंत यायला सुमारे ५० तास एकत्र घालवावे लागतात, आणि जिवलग म्हणावं इतकं जवळ यायला २०० हून जास्त, असा त्यांचा हिशेब निघाला. शिवाय एकत्र काम करताना गेलेले तास त्यात फारसे धरता येत नाहीत. २०० तास म्हणजे दर आठवड्याला दोन तास भेटलात तर जवळजवळ दोन वर्षं. म्हणून नव्या जागी सहा महिन्यांनी 'इथं मला कुणीच नाही' असं वाटलं तर शहराला बोल लावू नका, तास भरलेले नसतील. आणि ते 'जमेल तेव्हा भेटू' म्हणून भरत नाहीत. ठरलेला वार लागतो. तुमच्याकडे तर गुरुवारची सवय आहे, निदान होती. पहिल्याच महिन्यात तिथला गाण्याचा गट शोधा, ऑफिसात काम कितीही असो. 'आधी कामाची घडी बसू दे, मग बघू' हे इथं दोन वर्षं चाललं आणि गाणं सुटलं. तिथंही तेच होईल.

जावं की राहावं, याचं माझं उत्तर आहे, जा. ज्या कामाची तुम्ही इतकी वर्षं वाट पाहिली ते समोर आहे आणि अंतर एका रात्रीचं आहे. पण माझ्या हो ला अटी आहेत. रुजू होण्याची तारीख पुढं ढकलून मागा. नवा विभाग उभा करणाऱ्या माणसाला अमुक तारखेलाच या, असं क्वचितच अडून सांगतात, पण न मागता कुणी आपणहून देत नाही. हुद्दा, हाताखालची माणसं, विभागाला मिळणारा पैसा हे तोंडी नको, लेखी घ्या. ते लिहून द्यायला टाळाटाळ झाली तर जाऊ नका, कारण तुमच्या जाण्याचं एकमेव सबळ कारण तेच आहे. मुलीनं खांदे उडवायचे सोडून एकदा तोंड उघडलं आणि ठाम नाही म्हणाली, तर निदान वर्षभर थांबायचा मार्ग शोधा. आईची कामं मोडून बघितल्यावर रोज करायची, तुमच्याशिवाय कुणीच करणार नाही अशी दोन-तीन जरी उरली, तरीही थांबा.

राहतं घर विकू नका, भाड्यानं द्या. मात्र 'नाही जमलं तर येऊ परत' असं रोज म्हणत तिथं राहू नका. डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांनी २००२ मध्ये एक गमतीदार प्रयोग मांडला होता. छायाचित्रण शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना स्वतः काढलेल्या दोन फोटोंपैकी एक ठेवून घ्यायचा होता. काहींना सांगितलं, निवड पुढं बदलता येईल. काहींना सांगितलं, आता बदल नाही. ज्यांना बदलायची मुभा नव्हती त्यांनाच आपला फोटो पुढं जास्त आवडला. दार उघडं ठेवलं की लक्ष दारातच राहतं. म्हणून घर राहू द्या, पण मनात दोन वर्षांची तारीख घाला. तोवर परतीचा विषय काढायचा नाही, अगदी वाईट आठवड्यातसुद्धा नाही. आईच्या किंवा मुलीच्या तब्येतीचा प्रश्न आला तर अर्थातच अपवाद. त्या तारखेला तिघांनी बसून मोकळेपणानं बोलायचं आणि परतावंसं वाटलं तर परतायचं. त्यात नाक कापलं जात नाही. स्थलांतराचे नियम पहिल्यांदा मांडणाऱ्या अर्न्स्ट रेवेन्स्टाइन यांनी १८८५ मध्येच नोंदवलं होतं, की माणसांचा ओघ एका दिशेनं वाहू लागला की उलट दिशेलाही एक ओघ असतोच.

आणि पहिल्या सहा महिन्यांत दुसरं काहीही नवीन सुरू करू नका. मोठं कर्ज नको, नवा अभ्यासक्रम नको, 'आता रोज पहाटे धावायचं' असले संकल्पही नकोत. होम्स आणि राहे या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातल्या बदलांच्या ताणाला गुण दिले होते. त्यात घर बदलण्याला अवघे २० आहेत, लग्नाला ५०. पण घर बदललं की कामातली जबाबदारी बदलते (२९), राहणीमान बदलतं (२५), लोकांत मिसळणं बदलतं (१८), नातेवाइकांना भेटणं बदलतं (१५). बेरीज १०७. असं ताणाला गुण देणं ढोबळच आहे, पण 'नुसतं शहर तर बदलायचंय' म्हणणाऱ्यांना दाखवायला बरं.

राहिली बहीण. 'सगळं माझ्या गळ्यात' या वाक्यावर तुम्ही चिडलेल्या दिसता, पण तिचं म्हणणं निम्मं खरं आहे. इतकी वर्षं तुम्ही दहा मिनिटांवर होतात म्हणून तिला करावं लागलं नाही, आता लागेल. तिला निर्णय सांगायला जाऊ नका, आईच्या कामांची ती यादी घेऊन जा. बँक, बिलं, डॉक्टरांची वेळ ठरवणं हे लांबून होतं, ते तुम्ही घ्या. पैशानं होणारी मदत, म्हणजे दिवसा कुणी बाई ठेवणं वगैरे, त्यातला मोठा वाटा तुम्ही उचला, कारण पगार तुमचा वाढणार आहे. महिन्यातला एक शनिवार-रविवार तुम्ही येऊन आईकडे राहा, आणि तो आधीच कॅलेंडरात टाका. उरलेल्या रविवारांपैकी कुठले तिला जमतील ते तिलाच विचारा, आणि ती एकच म्हणाली तर वाद न घालता तो एक लिहून घ्या. बाकीच्यांसाठी पगारी माणूस बघा, आणि काकूंनाही विचारा, अधूनमधून आईकडे डोकावतील का म्हणून.